नळाच्या पाण्यात जडी चालत नाही

विषाणू सापडला की मला आनंद होतो. घरी असं बोललं की सासूबाई देवाला हात जोडतात आणि नवरा आल्यागेल्याला सांगतो, "हिच्यासमोर खोकू नका, नळीत भरून नेईल." हसोत बापडे. मी वरोऱ्याची. जिनिंगच्या खडखडाटात, रुई एकीकडे नि सरकी एकीकडे पडताना बघत मोठी झाले. एकात एक गुंतलेलं वेगळं केल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही. चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत मी तेच करते, फक्त कापसाच्या जागी कावीळ असते.

लोक कावीळ म्हणतात तेव्हा त्यांना एकच रोग दिसतो. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना गेलेली. पण त्या पिवळेपणामागे निरनिराळे विषाणू असतात. ए आणि ई तोंडावाटे, घाण पाण्याबरोबर येतात. बी आणि सी रक्तातून येतात. बाहेरून सगळ्यांचा चेहरा सारखाच, म्हणून कोण आलाय हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तो आला कुठून हे शोधायचं म्हणजे आमच्या कामातला खरा जीव. तिथे मी जेवणाची वेळ विसरते, आणि कोणी आठवण करून दिली तर त्याच्यावर खेकसते.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मूलच्या पुढच्या एका जंगलातल्या गावातून कावीळ झालेल्यांचं रक्त आमच्याकडे आलं. आम्ही तपासलं. ए नव्हता, बी आणि सी नव्हते. नमुन्यामागून नमुन्यात ई निघत गेला. साहेबांनी अहवाल वाचून एवढंच म्हटलं, "ई आहे म्हणजे पाणी आहे. पाणी शोधा."

ई विषाणू बहुतेकांना काही आठवडे आडवं पाडतो आणि सोडून देतो. खास औषध नाही, विश्रांती घ्यायची, शरीर आपलं आपण सावरतं. पण बाई गरोदर असेल, त्यातून शेवटचे महिने असतील, तर याच्यासारखा दगाबाज दुसरा नाही. यकृत बघता बघता हात टेकतं, रक्त गोठायचं थांबतं, आणि आई नि मूल दोघंही जाऊ शकतात. म्हणून गाडीत कॅन चढवताना मी आमच्या तंत्रज्ञाला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गावात पोटुशा बाया किती. तो मूलचा माणूस, सतत बोलणारा, कुठल्याही घरात पाहुणा म्हणून शोभणारा. तो म्हणाला, "म्याडम, आधी पोचू तं द्या."

गाव चांगलं होतं. सौरपंपावरची टाकी, घरोघरी नळ, एक हातपंप, दोन विहिरी. आम्ही सगळीकडचं पाणी भरून आणलं. लिटरच्या लिटर पाणी बारीक गाळणीतून ओढायचं, गाळणीवर अडकलेलं धुऊन घ्यायचं, त्यातून विषाणूचा अंश वेगळा काढायचा, आणि मग तो अंश पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेणाऱ्या यंत्रात घालायचा. विषाणू असला तर पडद्यावर एक रेघ वर चढत जाते. आमच्या सगळ्या रेघा जमिनीवर पसरलेल्या सापासारख्या आडव्या पडून राहिल्या. तोवर आरोग्य खात्याने टाकीत आणि विहिरींत ब्लिचिंग पावडर ओतली होती. ज्या पाण्यात काही नव्हतं त्याच पाण्यावर सगळा मारा. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. नवे रुग्ण येत होते यात नवल नव्हतं, कारण हा विषाणू अंगात शिरल्यावर काही आठवडे दबा धरून बसतो. नवल वेगळंच होतं. कावीळ झालेली घरं आणि न झालेली घरं एकाच नळाचं पाणी पीत होती. आम्ही प्रत्येकाला विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, नळाचं. शेतावर? घरूनच नेतो. लोक खोटं बोलत नव्हते आणि पाणीही खोटं बोलत नव्हतं. मग खोटं कोण बोलत होतं? मला रोवणीच्या बांधीतल्या साचल्या पाण्यात, बैलांच्या टाक्यात, रसवंतीच्या बर्फात, जिथे तिथे विषाणू दिसायला लागला. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात, त्यातली गत.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा रोगी घरोघरी फिरून बघायचे असं मी ठरवलं होतं. जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात माळ होती. ही माळ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एका वेलीच्या कांड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात. पहिल्या दिवशी ती गळ्याला लागून असते. कांड्या वाळत जातात, आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांब होत जाते. छातीवर, पोटावर, मग गुडघ्यापर्यंत. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तेवढ्या दिवसांत ई बहुतेकांना सोडून गेलेलाच असतो, त्यामुळे माळेला कधी बट्टा लागत नाही.

गावात माळ घालणारी एकच बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक, गोंदलेल्या हातांची. त्यासाठी ती कुणाकडून काही घेत नसे. घेतलं तर गुण जातो, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. आम्ही तिच्या अंगणात गेलो तेव्हा तिची सून ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. सून म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यांच्यात भावाची पोरगी सून करून आणायची रीत, त्यामुळे ती सासूला आत्याच म्हणायची. सातवा महिना भरत आला होता. गळ्यात ताजी माळ होती. मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे हळदीचे झाले होते.

मी खाली बसून तिला विचारलं, किती दिवस झाले, ओकाऱ्या होतात का, झोप फार येते का. ती हसून म्हणाली, "झोपच झोप येऊन राह्यली बाई." मला ते हसणं आवडलं नाही. दिवसाढवळ्याची अशी झोप यकृत दमल्याची खूण असू शकते.

मी सासूला म्हटलं, "मावशी, हिले आजच्या आज गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या. आमची गाडी हाय."

"माळ गळ्यात हाये," ती म्हणाली. "माळ घालून नदी वलांडत नाई."

"मग माळ काढा."

"माळ काढत नाई बाई. माळ उतरते." लहान मुलाला समजवावं तशी ती बोलत होती. "तोडली तं कावीळ माघारी फिरते. मंग ते कोनाचं आयकत नाई."

गडचिरोली म्हणजे वैनगंगेच्या पल्याड. चंद्रपूरला नेलं तरी वाटेत वाहतं पाणी होतंच. बाईचा मुलगा, पोरीचा नवरा, बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात ठेक्यावर. त्याला फोन लावला, तो म्हणाला, "माय म्हनन तसं." मी सुनेचं रक्त घेतलं, आवाज चढवला, पोटातल्या बाळाचा धाक घातला. बाई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमच्या मशिनीले कावीळ दिसन. मले तं मशिनीबिगर दिसली."

मी रागाने उठले. तेव्हा तिने आत जाऊन दोन पेले आणले आणि आमच्या पुढे धरले. हिरवट, गढूळ, वर थोडा फेस. "घ्या. गावात फिरून राह्यले, तुमाले बी धरन. हे घेतलं का धरत नाई."

मी विचारलं, "काय हाय यात?"

"जडी. वाटून देतो पान्यात. गावाले दिली, रोवन्याच्या बायाइले दिली. सुनेले तं रोज देतो, पोटुशी हाये म्हनून दोनदा."

पेला माझ्या हातात होता. तोंडाशी नेता नेता मी थांबले. "मावशी, पानी कुठलं?"

"झिऱ्याचं," ती म्हणाली. "नळाच्या पान्यात जडी चालत नाई. तुमच्या पावडरीनं तं मरूनच जाते."

गावभर आम्ही विचारत होतो, पाणी कुठलं पिता. तिच्या जडीला कोणी पाणी म्हणत नव्हतं. ते औषध होतं. औषध काय पितात म्हणून आम्ही विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी झाडाचं नाव लिहून घेऊन पुढच्या घरी गेलो असतो. मी तंत्रज्ञाकडे वळले. तो हातातल्या पेल्याकडे बघत होता.

"मागच्या खेपेला तुम्ही इथे काही घेतलं होतं?"

"नाई कसं म्हनू म्याडम," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "इतक्या आग्रहानं दिलं."

दोन्ही पेले आम्ही निर्जंतुक बाटलीत ओतले. बाईला वाटलं, आम्ही घरी नेऊन पिणार. तिने आणखी एक पेला भरून दिला.

झिरा गावाच्या वर, सागाच्या झाडीत होता. ओढ्याच्या काठाला खणलेला, कमरेइतका खोल, तळाशी वाळूतून पाणी वर येताना दिसावं इतका नितळ. बाई आमच्याबरोबर आली आणि आपली सगळी रीत तिने आपण होऊन सांगितली. माळ गुडघ्याला लागली की रोग्याला इथे आणायचं, झिऱ्याच्या काठावर बसवून डोक्यावरून पाणी घालायचं, अंगावरचे कपडे इथेच धुवायचे, माळ पाण्यात सोडायची. उन्हाळ्यात पहिले काही जण कुठल्याशा लग्नाहून कावीळ घेऊन आले होते. तेही इथेच न्हाले. अंगावरून ओघळलेलं, कपड्यातून पिळलेलं पाणी काठावरून पुन्हा झिऱ्यातच उतरत होतं, तो उतार मला उभ्या जागेवरून दिसत होता. माणूस डोळ्यांनी बरा दिसला तरी त्याच्या विष्ठेतून हा विषाणू काही काळ पडत राहतो. आणि याच झिऱ्याचं पाणी घेऊन, कावीळ होऊ नये म्हणून, तिने अर्ध्या गावाला जडी पाजली होती.

परतीच्या वाटेवर तंत्रज्ञाने गाडीचा आरसा आपल्याकडे फिरवून दहा वेळा तरी डोळे बघितले असतील. "काखेत कळसा अन् गावाले वळसा," तो म्हणाला. मी म्हटलं, "कळसा तुमच्या पोटात आहे, गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र सुरू केलं. झिऱ्याचं पाणी, पेल्यातली जडी, सुनेचं रक्त. सोबत निव्वळ शुद्ध पाण्याची एक नळी, आमच्याच हातून घाण झाली नाही ना हे बघायला. मी पडद्यासमोरून हलले नाही. कोणीतरी चहा ठेवून गेलं, त्यावर साय धरली. सुरुवातीला सगळ्या रेघा आडव्या. मग सुनेच्या रक्ताची रेघ उठली. ती उठणार हे मला ठाऊक होतं, तरी वाईट वाटलं. आणि मग झिऱ्याची रेघ थरथरली. मी खुर्चीवरून उठले. रेघ उचलली गेली, वाकली, आणि सरळ वर निघाली. तिच्या मागोमाग जडीची. शुद्ध पाण्याची रेघ शेवटपर्यंत जागची हलली नाही.

खोटं कशाला बोलू, मी नाचले. चाळिशी उलटलेली बाई प्रयोगशाळेत नाचते हे साहेबांनी दारातून पाहिलं आणि ते आले तसे परत गेले. मग आले, चष्मा वर करून रेघा बघितल्या आणि म्हणाले, "पुन्हा करा." आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच. एवढा मोठा जंगलाचा मुलूख, एवढं पाणी, आणि त्यात कमरेइतक्या खोल एका खड्ड्यात आम्ही त्याला गाठलं होतं. त्या क्षणी मला कोणी राज्य दिलं असतं तरी मी म्हटलं असतं, थांबा, आधी हे बघून घेऊ द्या.

सकाळी गाडीत बसल्यावर मात्र तो आनंद बोचायला लागला. मी काय सांगायला चालले होते? जिने फुकट, हौसेने, मायेने गाव सांभाळलं तिला सांगायचं, तुझ्या हातच्या पेल्यात रोग होता. आणि ते सांगितल्याशिवाय पोरगी नदी ओलांडणार नव्हती. तंत्रज्ञ म्हणाला, "झिरा खराब झाला एवढंच सांगू. पाजल्याचं कायले बोलायचं?" तो मायाळू माणूस आहे. पण अर्धं सांगितलं तर ती अर्धंच ऐकणार आणि माळ गळ्यात राहणार, हे मला दिसत होतं.

सून ओसरीवर झोपली होती. हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघून ओळखीचं काही दिसलं नाही. मी घाबरले. सासूला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. माळ, अंघोळ, झिरा, जडी. तिला बोलायची जागा न ठेवता, भरभर, एका दमात. माझ्या मोबाइलवर रेघांचं चित्र होतं, तेही दाखवलं. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती सुनेकडे बघत होती.

"मंग मीच पाजलं का तिले?" तिने विचारलं.

इथे मला पळवाट होती. आज झिऱ्यात विषाणू आहे म्हणजे दोन महिन्यांपूर्वीही होता, हे त्या दिवशी सिद्ध झालं नव्हतं. झिऱ्यातला आणि रक्तातला विषाणू एकाच घराण्याचा आहे हे जुळायला पुढे बरेच आठवडे गेले. शास्त्राच्या भाषेत मला 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं.

"हो मावशी," मी म्हटलं. "माझ्या मते त्यातूनच."

ती रडली नाही. आत गेली, विळा घेऊन आली. ओसरीवर बसून तिने पोरीची मान आपल्या मांडीवर घेतली, माळेत बोट घातलं, आणि विळ्याने ती कापली. शेजारणी कुंपणाशी जमल्या होत्या, त्यांतली एक "काऊन वो, काऊन तोडली?" म्हणत पुढे आली. बाईने माळ तिच्या समोर चुलीत टाकली.

आम्ही पोरीला गाडीत आडवी केली. मी घाई करत होते, पण बाई गाडीत बसेना. "थांबा जरासं," म्हणत ती निघाली ती शेजारच्या दारात, मग त्याच्या पुढच्या. माझा संयम सुटत होता. तंत्रज्ञ तिच्या मागे गेला आणि येऊन म्हणाला, "ते घरोघरी सांगून राह्यली. झिऱ्याचं पानी बंद, जडी फेका, मी पाजली त्यातनंच झालं." मी म्हटलं, हे आम्ही सांगू, आरोग्य खातं सांगेल. तेवढ्यात तीच येऊन पोचली होती. "माया हातानं झालं," ती म्हणाली, "तं मायाच तोंडानं सांगन. तुमचं कोनी आयकत नाई."

ते मात्र खरं होतं. त्या दिवसानंतर गावातलं कोणी झिऱ्यावर गेलं नाही. आमच्या पत्रकांनी ते झालं नसतं.

वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. बाईने पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि पूल संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. दवाखान्यात डॉक्टरांनी अहवाल बघितला आणि पुढचं विचारत बसले नाहीत. रात्री पोरीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते, रक्त थांबत नव्हतं, रक्ताच्या पिशव्या चढत होत्या. मुलगा बल्लारपूरहून निघून येऊन पोचला तोवर बाळ झालं होतं. मुलगी. तळहातात मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडली होती. आई शुद्धीत नव्हती. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून काही सांगत नाही."

मी चंद्रपूरला परतले आणि काम करत राहिले. काम करताना मी फोनकडे बघत नाही, पण त्या दिवसांत बघत होते. शेवटी डॉक्टरांचा फोन आला, डोळे उघडलेत, बोलतेय. मी आणि तंत्रज्ञ त्याच दुपारी निघालो. नमुने घ्यायचे आहेत असं साहेबांना सांगितलं.

वॉर्डात ती उशाला टेकून पडली होती. डोळे अजून पिवळे, ओठ सुकलेले, पण माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. सासू पायथ्याशी जमिनीवर बसली होती. परिचारिकेने सांगितलं, इथे आल्यापासून आजी सगळं करतात, कपडे बदलतात, पाय चेपतात, दिवसातून दहादा बाळ बघून येतात, पण पोरीच्या तोंडाला काही लावत नाहीत. चहासुद्धा बाजूच्या खाटेवरच्या बाईकडून पाजून घेतात.

"पानी," पोरगी म्हणाली.

उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या खाटेजवळच होता. बाई हलली नाही. "बाई, तुमी द्या," ती मला म्हणाली. "माया हातानं नोको."

मी तांब्या उचलायला हात पुढे केला. पोरीने मान फिरवली. "आत्या," ती म्हणाली, "तूच दे."

बाई उठली. तांब्यातलं पाणी आधी आपल्या ओंजळीत ओतून घेतलं आणि प्यायली. थोडा वेळ थांबली, जणू पाण्याला काही बोलायचं असेल तर त्याने बोलावं. मग पेला भरला, पोरीच्या मानेखाली हात घातला आणि तिला पाजलं. पोरीने पेला रिकामा केला आणि म्हणाली, "अजून."